बेब डिड्रिक्सन : भालाफेकीची पहिली सुवर्णकन्या

गेल्या वर्षी उत्सवातल्या स्पर्धांचे वेळापत्रक लावत बसलो असताना आम्हाला एका दहावीतल्या मुलीने अडवले. मुलांना गोळाफेक, लांब उडी, शंभर मीटर धावणे. आणि मुलींना संगीत खुर्ची, लिंबू-चमचा नि रांगोळी, असे का, एवढेच तिने विचारले. मैदान लहान आहे, वेळ अपुरा आहे, अशी काहीतरी उत्तरे आम्ही दिली. ती खरी नव्हती हे तिलाही कळले आणि आम्हालाही. आम्ही ग्वाल्हेरकर दर जून महिन्यात फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे डोके टेकवतो, पुतळ्याच्या हातातली तलवार मुलांना कौतुकाने दाखवतो, आणि घरी येऊन मुलीच्या हातात चमचा देतो.

त्या मुलीला द्यायचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका अमेरिकन बाईच्या चरित्रापर्यंत पोचलो. भाला म्हटले की आज घराघरात नीरज चोप्राचे नाव निघते, आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर फेक करून सुवर्ण आणणाऱ्या मेरठकडच्या अन्नू राणीचेही. पण ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या भालाफेकीचे पहिले सुवर्णपदक ज्या हाताने मिळवले त्या हाताची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. तो हात बेब डिड्रिक्सनचा.

तिचे कागदोपत्री नाव मिल्ड्रेड. जन्म २६ जून १९११ चा, टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या बंदरगावातला. आईवडील नॉर्वेहून आलेले, भावंडे सात, त्यांत ही सहावी. वडील ओले हे जहाजावर सुतारकाम करून आलेले गृहस्थ. पुढे घरसामानाची लाकडी कामे करीत. मुलगी लहान असतानाच कुटुंब जवळच्या बोमाँट गावी गेले. तेलाच्या कारखान्यांचे, कामगारांच्या वस्त्यांचे हे गाव. घरात पैसा नव्हता, पण वडिलांनी परसात मुलांसाठी व्यायामाची साधने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. झाडूच्या दांड्याला दोन्ही बाजूंना जुन्या इस्त्र्या बांधून केलेले वजन हे त्यातलेच एक. आपल्याकडे तालमीत जोड्या आणि करेला फिरवतात, तसाच हा घरगुती आखाडा. फरक इतकाच, की इथे मुलींना मज्जाव नव्हता.

घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत प्रत्येक घरापुढे झुडपांचे कुंपण होते. बहीण लिली रस्त्यावरून धावायची आणि बेब शेजाऱ्यांच्या अंगणांतून, एकामागून एक कुंपणे ओलांडत. एक कुंपण बाकीच्यांपेक्षा उंच होते, तेव्हा त्या घरमालकाला गळ घालून तिने ते छाटून घेतले. झुडपे टोचायची म्हणून डावा गुडघा जास्त वाकवायची सवय तिला लागली, आणि ती तिच्या अडथळ्यांच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकली.

बेब हे नाव कुठून आले याबद्दल ती स्वतः सांगायची, की मुलांबरोबर बेसबॉल खेळताना उंच फटके मारले म्हणून पोरांनी बेब रूथ या नामांकित खेळाडूवरून ते ठेवले. घरी आई लाडाने बाळ अशा अर्थाचा नॉर्वेजियन शब्द वापरायची, त्यातूनही ते आले असेल. स्वतःच्या गोष्टी रंगवून सांगण्याची तिला भारी हौस. वयदेखील ती दोनतीन वर्षांनी कमी सांगायची. तिच्या आठवणी वाचताना आम्ही हे ध्यानात ठेवले आहे, वाचकांनीही ठेवावे.

१९३० साली, शाळा संपण्याआधीच, डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला टंकलेखिका म्हणून नोकरीवर घेतले. खरे काम कंपनीच्या बास्केटबॉल संघाकडून खेळण्याचे. आपल्याकडे रेल्वेत आणि बँकांत खेळाडूंच्या कोट्यातून माणसे लागतात, तसेच. महिन्याचा पगार ७५ डॉलर, आणि त्यातला मोठा वाटा ती घरी पाठवायची. ते मंदीचे दिवस होते. हा पगार वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या कटकटी त्याच्या आजूबाजूच्याच आहेत. १९३१ मध्ये त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. उन्हाळ्यात मैदानी खेळ कर असे कंपनीतल्या वरिष्ठांनी सुचवल्यावर ती एकेक प्रकार शिकू लागली. भाला हा त्यांतलाच एक. धरण्याची रीत समजून घेतली आणि फेकू लागली.

१६ जुलै १९३२ रोजी शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन गावी राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. यांतूनच ऑलिंपिकचा संघ निवडायचा होता. इतर संस्थांचे संघ आले होते. डॅलसच्या विमा कंपनीचा संघ म्हणजे एकटी बेब. तीन तासांत ती आठ प्रकारांत उतरली. एका प्रकारातून धापा टाकत दुसऱ्याकडे जायची, पंच तिच्यासाठी थांबायचे. गोळाफेक, भालाफेक, बेसबॉलफेक, लांब उडी आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत या पाचांत ती पहिली आली, उंच उडीत जीन शायलीबरोबर तिची बरोबरी झाली. सांघिक गुणांत तिचे ३० झाले. दुसऱ्या क्रमांकावरच्या, बावीस मुलींच्या संघाचे २२. एकटीने सांघिक अजिंक्यपद जिंकल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

तिथून संघ आगगाडीने लॉस एंजेलिसला निघाला. या प्रवासातली एक गोष्ट तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत बहुधा नसते. संघात टिडी पिकेट आणि लुईझ स्टोक्स या दोन कृष्णवर्णीय धावपटू होत्या. पिकेट बर्थवर झोपलेली असताना बेबने तिच्या अंगावर बर्फाच्या पाण्याचा जग ओतला, असे पिकेटने पुढे सांगितले आहे. बेबच्या स्वभावात आगाऊपणा होता, बढाया होत्या, मैत्रिणींना ती नकोशी व्हायची, हे सारे खरे; पण ही नुसती थट्टा नव्हती. त्या दोघींना पुढे लॉस एंजेलिसमध्ये रिलेच्या संघातूनही वगळले गेले आणि गोऱ्या मुली धावल्या. जिला स्वतःला आयुष्यभर दारे बंद करण्यात आली, तिला दुसऱ्यांच्या तोंडावर बंद झालेले दार दिसले नाही. आम्ही तिचे कौतुक करायला बसलो आहोत, म्हणून हे पान फाडून टाकणे आम्हाला बरे वाटले नाही.

ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मैदानी खेळांत १९२८ साली अॅमस्टरडॅमला पहिल्यांदा घेतले गेले, तेही पाचच प्रकारांत. त्यातल्या ८०० मीटर शर्यतीनंतर धावपटू मुली दमून पडल्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या आणि स्त्रीच्या शरीराला हे झेपत नाही असा निष्कर्ष काढून पुढची बत्तीस वर्षे २०० मीटरच्या वरची शर्यत स्त्रियांसाठी ठेवलीच गेली नाही. १९३२ मध्ये प्रकार सहा झाले, आणि त्यांत भाला नव्याने आला. एका स्त्रीने तीनपेक्षा अधिक वैयक्तिक प्रकारांत उतरायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे इव्हॅन्स्टनला आठ प्रकार खेळलेल्या मुलीला इथे तीनच प्रकारांत उतरता आले.

३१ जुलैला दिवस कलताना भालाफेक सुरू झाली. स्त्रियांचा भाला ६०० ग्रॅमचा, पुरुषांच्या भाल्यापेक्षा २०० ग्रॅमने हलका. त्या काळी लाकडी आणि मध्ये दोरा गुंडाळलेली मूठ. विश्वविक्रम अमेरिकेच्याच नॅन गिंडेलच्या नावावर होता, ४६ मीटरच्या पुढचा. जर्मनीच्या एलेन ब्राउम्यूलर आणि टिली फ्लायशर या दोघी मुरलेल्या होत्या. बेबला अंग मोकळे करायला पुरेशी जागा आणि वेळ मिळाला नव्हता. पहिल्याच फेकीला हात मुठीवरून निसटला. भाला कमानीने वर न जाता सपाट, जमिनीला समांतर सूं करीत गेला आणि रुतला. अंतर ४३.६८ मीटर. खांद्यात काहीतरी तुटल्याची कळ तिला त्याच क्षणी आली होती, असे तिने पुढे लिहिले. तेव्हा मात्र ती कोणाला काही बोलली नाही. नंतरच्या तिच्या फेकी तितक्या गेल्या नाहीत. ब्राउम्यूलर तिच्या मागे वीतभर अंतरावर राहिली, फ्लायशर तिसरी आली, विश्वविक्रमवाली गिंडेल पाचवी. पहिले सुवर्ण असे चुकलेल्या मुठीचे निघाले. आज झेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोटाकोवाचा विक्रम ७२.२८ मीटरचा आहे.

चार दिवसांनी दुखऱ्या खांद्यासह तिने ८० मीटर अडथळ्यांची शर्यत ११.७ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या आलेल्या एव्हलिन हॉलची वेळही तीच होती आणि निकालाबद्दल दोघींचे पुढे कधी एकमत झाले नाही. उंच उडीत शायलीबरोबर पुन्हा बरोबरी झाली. तेव्हा पंचांना एकाएकी जाणवले, की बेबचे डोके आडव्या दांडीवरून शरीराच्या आधी जाते आणि ते नियमबाह्य आहे. दुपारभर ती तशीच उडत होती. तिला रौप्य मिळाले, विश्वविक्रमात मात्र दोघींची नावे लागली. धावणे, उडी आणि फेक या तिन्ही विभागांत ऑलिंपिकची वैयक्तिक पदके मिळवणारा खेळाडू पुरुषांतही दुसरा झालेला नाही.

याच ऑलिंपिकमध्ये, याच शहरात, ११ ऑगस्टला भारताच्या हॉकी संघाने अमेरिकेचा २४-१ असा धुव्वा उडवला. त्यातले दहा गोल रूपसिंगांचे. शिंद्यांच्या पदरी नोकरीला असलेले, आमच्या गावात हयात घालवलेले कॅप्टन रूपसिंग. त्यांच्याच नावाच्या मैदानावर २०१० साली सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक काढले. म्हणजे बेब जिथे जगाचे डोळे दिपवीत होती, तिथे ग्वाल्हेरचा माणूस हजर होता. मात्र आपल्या देशातून त्या वर्षी एकही स्त्री गेली नव्हती. मैदानी खेळांत आपल्या पहिल्या दोन मुली, नीलिमा घोष आणि मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या मुंबईकर मेरी डिसोझा, ऑलिंपिकला गेल्या त्या १९५२ मध्ये, हेलसिंकीला.

परत आल्यावर डॅलसने बेबची मिरवणूक काढली. वर्ष सरायच्या आत एका मोटारगाडीच्या जाहिरातीत तिचे चित्र छापून आले आणि हौशी खेळाडूंच्या संघटनेने तिला निलंबित केले. हौशी खेळाडूने खेळाच्या नावावर पैसा मिळवायचा नाही, असा दंडक होता. हा दंडक ज्यांनी केला त्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता नव्हती. बाप सुतार, पगारातून घर चालवणारी एकवीस वर्षांची मुलगी. तिने पदक घेऊन काय करावे, याचे उत्तर नियमावलीत कुठेच नव्हते. जाहिरात तिच्या संमतीने नव्हती असे पुढे मान्य होऊन निलंबन उठलेही, पण तोवर तिने हौशीपणाला रामराम ठोकला होता. मग तिने पोटासाठी काय काय केले! शिकागोच्या नाट्यगृहात यंत्राच्या पट्ट्यावर धावून दाखवले, माउथ ऑर्गन वाजवला. स्वतःच्या नावाचा बास्केटबॉल संघ घेऊन गावोगाव फिरली. लांब दाढ्या राखणाऱ्या एका धर्मपंथाच्या बेसबॉल संघात एकटी बिनदाढीची म्हणून चेंडू टाकत हिंडली. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखे ते जिणे: आज इथे, उद्या तिथे, आणि लोक खेळ बघायला येतात की तुम्हाला बघायला, हे कळू नये असे.

बघायला येणाऱ्यांत लेखणीवालेही होते. ती बाई आहे की नाही, तिचे लग्न कसे होणार, ती नटत का नाही, यावर क्रीडा-पत्रकारांनी रकानेच्या रकाने लिहिले. बायकांनी घरी बसून टेलिफोनची वाट बघावी, अशा अर्थाचे एकाने छापले. ती उत्तम शिवणकाम करायची, पण ते विचारण्यात त्यांना रस नव्हता.

मग ती गोल्फकडे वळली. हात रक्ताळेपर्यंत चेंडू मारायचे, पट्ट्या बांधून पुन्हा मारायचे. १९३५ मध्ये टेक्सासची स्त्रियांची हौशी स्पर्धा तिने जिंकली. ट्रक ड्रायव्हरांच्या मुली या स्पर्धेत नकोत, असे क्लबातल्या एका प्रतिष्ठित बाई म्हणाल्या होत्या. स्पर्धा जिंकल्यावर लगेच गोल्फ संघटनेने ठरवले, की ही दुसऱ्या खेळांत पैसे घेऊन खेळलेली, तेव्हा गोल्फमध्येही हौशी नव्हे. आणि व्यावसायिक स्त्रियांसाठी त्या काळी स्पर्धा जवळजवळ नव्हत्याच. इकडून धंदेवाईक म्हणून बाहेर, तिकडे धंदाच नाही.

जानेवारी १९३८ मध्ये तिने सरळ पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये नाव घातले. तिथे तिच्या गटात जॉर्ज झहारियस नावाचा ग्रीक वंशाचा धिप्पाड कुस्तीगीर पडला. स्पर्धेत दोघेही लवकर बाद झाले आणि वर्ष संपायच्या आत त्यांचे लग्न झाले. जॉर्जच्या कमाईवर घर चालू लागल्यामुळे बेबला तीन वर्षे बिनपैशाचे खेळणे परवडले, आणि १९४३ च्या जानेवारीत तिला हौशी खेळाडूचा दर्जा परत मिळाला. हौशी राहण्यासाठीसुद्धा कुणाचा तरी पैसा लागतो, हे यात आलेच. १९४५ मध्ये फिनिक्स आणि टक्सनच्या पुरुषांच्या स्पर्धांत ती पात्रतेचा टप्पा ओलांडून शेवटपर्यंत खेळली. १९४६ मध्ये अमेरिकेची आणि १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या गलनला ब्रिटनची हौशी अजिंक्यपदे तिने जिंकली. ब्रिटिश स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन. मग ती स्वतःहून व्यावसायिक झाली, आणि १९५० मध्ये तेरा जणींनी मिळून स्त्रियांची व्यावसायिक गोल्फ संघटना काढली त्यांत ती होती. जे दार मिळत नव्हते, ते या बायकांनी स्वतःच भिंत फोडून बसवले. आज जगभरच्या मुली ज्या संघटनेच्या स्पर्धांतून पोट भरतात ती हीच.

१९५३ च्या एप्रिलमध्ये तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. बोमाँटलाच शस्त्रक्रिया झाली. मलमार्ग पोटावर काढून पिशवी लावावी लागली. रोग आणखी पसरला आहे हे डॉक्टरांनी नवऱ्याला आणि तिची जिवलग मैत्रीण बेटी डॉड हिला सांगितले, तिला नाही. त्या काळात कर्करोग हा शब्द अमेरिकेतही दबक्या आवाजात उच्चारला जायचा. आपल्या घरांत तर अजूनही कित्येकदा पोटाचे दुखणे असे म्हणून वेळ मारून नेतात आणि बायका त्या दुखण्यासह स्वयंपाक करत राहतात. बेबने मात्र आपला आजार वर्तमानपत्रांतून जगजाहीर होऊ दिला. इस्पितळाच्या खोलीत गोल्फच्या काठ्या आणून ठेवल्या. शस्त्रक्रियेनंतर चौदा आठवड्यांत ती स्पर्धेत उतरली.

जुलै १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडी गावी स्त्रियांची अमेरिकन ओपन झाली. शेवटच्या दिवशी ३६ होल्स, म्हणजे दिवसभराची पायपीट. पोटाला पिशवी बांधलेली. गोल्फमध्ये जो कमी फटके घेतो तो जिंकतो. बेबने दुसऱ्या क्रमांकापेक्षा १२ फटके कमी घेतले. ही स्पर्धा तिने त्याआधी १९४८ आणि १९५० मध्ये जिंकली होती, पण या तिसऱ्या विजयानंतर तिला जी पत्रे आली ती खेळाच्या शौकिनांची कमी आणि रुग्णांची जास्त होती. पोटावर पिशवी घेऊन जगायला लाजणाऱ्या माणसांची ती पत्रे. कर्करोगाच्या जनजागृतीसाठी ती बोलत राहिली, इस्पितळांत जाऊन रुग्णांना भेटत राहिली, नवऱ्याबरोबर एक निधीही तिने उभारला. पूर्वी बढाईखोर म्हणून जिच्यावर लोक चिडायचे, तिच्या त्याच मोठ्या आवाजाचा इथे उपयोग झाला.

१९५५ मध्ये दुखणे उलटले. त्याच वर्षी तिने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. पुढे गॅल्व्हस्टनच्या इस्पितळात तिची खोली होती आणि खोलीच्या कोपऱ्यात गोल्फच्या काठ्या. २७ सप्टेंबर १९५६ रोजी ती गेली. वय ४५. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्या दिवशीची पत्रकार परिषद तिच्या आठवणीने सुरू केली. बोमाँटला तिचे संग्रहालय आहे.

तर त्या दहावीतल्या, आता अकरावीत गेलेल्या मुलीसाठी आणि तिच्या मैत्रिणींसाठी: यंदाच्या स्पर्धांत मुली व महिला या दोन्ही गटांसाठी गोळाफेक, लांब उडी आणि चेंडूफेक ठेवली आहे. साडी नेसून आलेल्यांनाही भाग घेता येईल, पण पायात बूट हवेत. नावे आरतीनंतर मंडपातल्या टेबलावर घेतली जातील. संगीत खुर्ची आहेच, आणि यंदा ती पुरुषांसाठीही आहे. भाला ठेवता आला नाही, कारण मैदानाच्या भिंतीपलीकडे लगेच रस्ता आहे; मोठ्या मैदानासाठी अर्ज केला आहे.